कारभारीची डावी बाजू

जेल रोड, नाशिक रोड
२४ जानेवारी २०२५

शुभांगी,

पत्र मिळालं, आतला फोटोही मिळाला. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, तेव्हा पत्रच बरं, असं तू बाबांच्या वर्षश्राद्धाला म्हणालीस आणि मी मान्य केलं. तुझं मला पटलेलं हे बहुधा शेवटचं.

तर कोचीच्या नव्या घरात हॉलमधल्या भिंतीवर तुला कारभारीचं चित्र हवं आहे. 'तू लोकांच्या कुत्र्यामांजरांची करतेस ना ताई, तसंच, अगदी खरंखुरं.' करीन. पण मी नक्की काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आधी सांगते. स्क्रॅचबोर्ड म्हणजे एक कडक पाटी. तिच्यावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत थर आणि त्यावर काळी शाई, पूर्ण काळी. ब्रशनं रंगवायचं काही नाही. पात्याच्या टोकानं शाई खरवडायची की खालचं पांढरं दिसतं. एक केस, एक ओरखडा. चुकलं तर वरून शाई लावता येते, पण मातीला पडलेली चीर तिरक्या उजेडात दिसतेच. शाळेतल्या पोरांना मी हे शिकवत नाही. त्यांना खोडरबर लागतो.

तुझा फोटो मात्र उपयोगाचा नाही. त्यातला कुत्रा दोन वर्षांचा आहे, अंगावर डांबरासारखी चकाकी आहे, शेजारी तू हसते आहेस. तो कुत्रा आता इथे राहत नाही. इथे आहे तो तेरा वर्षांचा आहे, त्याचं तोंड पांढरं झालं आहे, मागचे पाय जिना चढताना घसरतात. काळ्या कुत्र्याचं असं चित्र करायचं म्हणजे काळं आधीच असतं, फक्त पांढरं कोरायचं. म्हणजे त्याचं म्हातारपणच तेवढं काढायचं. ते तू पाहिलेलं नाहीस.

द्वारका चौकातल्या पुलाखालून स्कूटरच्या डिकीत घालून तू त्याला आणलंस. घरात कोण आलं, कोण गेलं यावर लक्ष ठेवतो म्हणून बाबांनी त्याला कारभारी म्हटलं. चार वर्षांनी तुझं लग्न झालं तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होतीस, 'महिन्याभरात घेऊन जाते गं ताई.' नऊ वर्षं झाली. मी तक्रार करत नाही. महिने मोजायची मला सवय आहे. बाबा सहा वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं उठवणं-बसवणं, पुसणं सगळं मी केलं, आणि शेवटच्या दिवशी डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, 'शुभी आली का?'

असो. फोटोवरून नाही, समोर बसवून काढीन. वेळ लागेल.

तो हल्ली डाव्या बाजूनं चावत नाही. दात दुखत असेल. दाखवून आणते.

मंजुषा


६ फेब्रुवारी २०२५

शुभांगी,

सोमवारी दीपक डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दाताचंच आहे, जरा सूज आहे, गोळ्या दिल्या आहेत. त्यांनी तुझी आठवण काढली.

चित्राला सुरुवात केली. शाळा दुपारची असते, त्यामुळे सकाळी आठ ते साडेनऊ बाबांच्या खोलीत बसते. पूर्वेची खिडकी आहे, ऊन तिरकं येतं, एकेक केस सुटा दिसतो. डावी बाजू घेतली आहे. का, ते चित्र आल्यावर कळेल.

डोळा आधी करायचा असतो. डोळा साधला नाही तर पुढचं सगळं खेळण्यातलं कुत्रं होतं. बुबुळ मी सुईनं ठिपके टोचून केलं, दोन दिवस त्यातच गेले. पापणीच्या खालचा ओला भाग फार नाजूक असतो, तिथे जास्त खरवडलं तर डोळा काचेचा दिसतो. त्याचा डावा डोळा थोडा बारीक झाला आहे आणि आतल्या कोपऱ्यातून पाणी येतं. ते पाणी केसांवरून खाली जिथपर्यंत जातं तिथपर्यंत काढलं आहे. तुला खरंखुरं हवं होतं ना.

माझ्याकडे येणाऱ्या लोकांना असलं चालत नाही. परवा शिखरेवाडीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांचा लॅब्रॅडोर जाऊन दोन महिने झाले. म्हणाल्या, 'तोंडाजवळचं पांढरं काढू नका हं, आणि थोडा बारीक दाखवा.' मेलेल्या कुत्र्याचं वजनसुद्धा कमी करून पाहिजे. तुझी फर्माईश निदान प्रामाणिक आहे.

मागच्या दिवाळीला तू तीन दिवस आली होतीस. रिक्षा कोपऱ्यावर असतानाच याला कळलं. नऊ वर्षं मी त्याला आंघोळ घातली, गोचिड्या काढल्या, भात कालवला. आणि तू फाटकातून आत आलीस तर तो माझा पाय तुडवून धावला. लागलं नाही फारसं. नख उपसलं तेवढंच.

मंजुषा


१२ फेब्रुवारी २०२५

शुभांगी,

'कारभारी आता थकला असेल, मी एकदा येऊन जाऊ का?' असं तू विचारतेस.

नको.

कारण सांगते. तू आलीस की तो दोन दिवस दुप्पट जेवतो आणि तू गेलीस की आठ दिवस फाटकाशी पडून राहतो, अन्नाला तोंड लावत नाही. ते दोन दिवस तुझे असतात आणि आठ माझे. मला आता ते झेपत नाही, त्यालाही झेपणार नाही. शिवाय तुझ्या वेदिकाची परीक्षा असेल. इथे सगळं ठीक आहे. तू फोटो पाठव म्हणतेस. चित्र येतंय, मग फोटो कशाला?

चित्र चांगलं चाललं आहे. कानापासून गालापर्यंतचे केस झाले. केस वाढतात त्याच दिशेनं पातं ओढावं लागतं, उलट ओढलं की अंग सोललेलं दिसतं. एक थर झाला की पातळ शाईचा हात फिरवायचा, सगळं करडं होतं, मग पुन्हा वरचे केस कोरायचे. तीन-चार वेळा असं केलं की खोली येते. गालावरचा भाग मला सर्वांत कठीण जातो आहे, कारण तिथे केस एका दिशेनं नाहीत. फुगवट्यावर ते फाकले आहेत, मधून कातडी दिसते. असं मी याआधी कधी काढलं नव्हतं. माझा हात या कामात एवढा स्थिर कधीच नव्हता.

सिंधुबाईनं काम सोडलं. तुझ्या वेळेपासून होती. चेहेडीहून यायची, येताना शेतातली मेथीची जुडी आणायची. कारण काय, तर म्हणे बघवत नाही. असो, भांडी मीच घासते.

मंजुषा


२२ फेब्रुवारी २०२५

शुभांगी,

कारभारी काल गेला. घरातच, बाबांच्या खोलीत. शांत गेला.

चित्र गुरुवारी पूर्ण झालं. शेवटी मिशा असतात, त्या एका दमात ओढायच्या, हात थांबला की संपलं. सात मिशा आहेत, सातही सरळ आल्या. वरून संरक्षक फवारा मारला आहे, तरी बोट लावू नकोस. फ्रेम तिकडेच कर. पार्सल आजच पाठवते आहे.

उघडशील तेव्हा तुला काय दिसेल ते आधीच सांगते, म्हणजे चुकून दुसऱ्याचा कुत्रा आला असं वाटायला नको. डावा जबडा कानाच्या खालपासून ओठापर्यंत सुजलेला आहे. डोळा वर ढकलला गेला आहे. ओठ त्या बाजूला मिटत नाही, आतली हिरडी दिसते, तिथून लाळ गळते आहे, तिची तार मी एकाच ओरखड्यात काढली आहे. मानेवरचे केस गेले आहेत. तो बघणाऱ्याकडे बघतो आहे.

हॉलच्या भिंतीवरच लाव. तसंच म्हणाली होतीस.

मंजुषा


१७ मार्च २०२५

शुभांगी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आज सोमवार. तीन दिवस मी ते स्वयंपाकघरात डब्याखाली ठेवलं आणि दर चहाला काढून वाचलं.

तू लिहितेस, 'ताई, त्याच्या जबड्यावरची सूजसुद्धा तू किती मायेनं काढलीस. इतकं जवळून बघायला किती प्रेम लागत असेल. शेवटी त्याच्याजवळ मी नव्हते, पण तू होतीस, याचं मला समाधान आहे. तुझे उपकार कसे फेडू?' फ्रेम करून हॉलमध्ये लावलंस. मोगऱ्याचा हार घातलास.

मी ते चित्र तुला रडवायला पाठवलं होतं. तू रडलीसही, पण ते रडणं मला हवं होतं ते नाही. तुझे आभार मला नकोत. तेव्हा नीट वाच आता.

३ फेब्रुवारीला दीपक डॉक्टरांनी त्याच्या जबड्याचा एक्स-रे काढला. दात वगैरे काही नव्हतं. म्हणाले, "मॅडम, हाडाचा कॅन्सर आहे. या वयात यावर काही करता येत नाही. त्याला सोडवूया. आज किंवा उद्या. खरंच वाट बघू नका."

मी म्हटलं, "कुत्रा माझ्या बहिणीचा आहे. तिला विचारावं लागेल."

"मग आजच विचारा."

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. म्हटलं, "ती यायचं म्हणतेय. 'मी येईपर्यंत काही करू नका,' असं सांगितलंय तिनं."

तुला मी काहीच विचारलं नव्हतं. तुला पत्रात दात लिहिला.

त्यांनी दुखणं कमी व्हायची गोळी दिली होती, सकाळ-संध्याकाळ. गोळी दिली की अर्ध्या तासात त्याचं अंग सैल पडायचं आणि डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांचं चित्र मला नको होतं. म्हणून सकाळची गोळी मी बसणं झाल्यावर द्यायची. आठ ते साडेनऊ. कधी रंगात आले की दहा. अठरा दिवस.

तो टेकला की मान खाली वळायची आणि सूज दिसायची नाही. म्हणून मी बाबांची उशी दुमडून त्याच्या गळ्याखाली द्यायची आणि पट्टा टेबलाच्या पायाला बांधायची. मानेवरचे केस गेले ते त्या पट्ट्यानं. चित्रात ते आहेत, म्हणजे नाहीत. तू त्यालाही माया म्हणालीस.

सिंधुबाई का गेली तेही सांगते. ती फरशी पुसत होती, मी बोर्डावर होते. ती म्हणाली, "ताई, लय थरथरतंय वो ते. आदी गोळी तरी द्या त्याला."

मी म्हटलं, "गोळी दिली की झोपतो. मग मी काय बघून काढू?"

"चित्र काय पळून चाललंय का? तुमच्या बापाला असं ठेवलं असतं का तुमी?"

मी म्हटलं, "सिंधुबाई, तुम्ही फरशी पुसा."

तिनं फडकं बादलीत टाकलं, पदराला हात पुसले, कारभारीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. "मला नाय बघवत. उद्यापास्नं येनार नाय मी." आणि खरंच आली नाही. तेरा वर्षांत तिनं एक दिवस न सांगता दांडी मारली नव्हती.

दीपक डॉक्टर एक दिवसाआड फोन करायचे. "आल्या का बहीण?" मी म्हणायची, तिकीट मिळत नाहीये, मुलीची परीक्षा आहे, सोमवारी निघतेय. एकदा ते चिडले. म्हणाले, "अहो, तिकडे जीव चाललाय त्याचा. कसल्या बहीण आहेत तुमच्या?" मी म्हटलं, "काय करणार, डॉक्टर. लहानपणापासून ती अशीच आहे." हे बोलताना मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बाबांच्या सहा वर्षांत मला कोणी एवढ्या सहानुभूतीनं 'मॅडम, तुम्ही तरी काय करणार' म्हटलं नव्हतं.

आणि तू येऊ का विचारलंस तेव्हा मी नको म्हटलं, ते त्याच्यासाठी नाही. तू आली असतीस तर त्याला त्याच दिवशी सुई मिळाली असती, आणि त्याच्या आधी तुझ्या मांडीवर डोकं ठेवायला मिळालं असतं. तो शेपटी हलवत गेला असता. मला ते नको होतं.

आणखी एक आहे, ते लिहू की नको याचा तीन दिवस विचार केला. त्या दीड तासात तो माझ्याकडे बघायचा. दुसरीकडे बघताच येत नव्हतं त्याला, मान बांधलेली होती. पण बघायचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा फाटकाकडे नाही, फक्त माझ्याकडे. शेवटच्या आठवड्यात मला सकाळ कधी होते असं व्हायचं.

मिशा झाल्यावर मी डॉक्टरांना कळवलं की बहिणीचं येणं होत नाही, करून टाका म्हणते. शुक्रवारी सकाळी ते घरी आले. दोन मिनिटांचं काम होतं. मी चहा ठेवला होता, त्यांनी घेतला नाही. भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे बघितलं, मग कारभारीच्या मानेकडे बघितलं, आणि बॅग उचलून गेले.

शेजारच्या उज्वलावहिनी अजून म्हणतात, 'मंजुषानं म्हणून केलं बाई त्या मुक्या जनावराचं, बहीण तर फिरकलीसुद्धा नाही.' मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण चित्र तुझ्या भिंतीवर आहे. जाता-येता बघ. लाळेची तार बघ. ती सकाळी नऊच्या सुमाराची आहे, गोळीच्या अर्धा तास आधीची.

मंजुषा


कोची
२५ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फाडणार होते. मग वाटलं, तू एवढं लिहिलंस, तर मीही लिहावं.

दीपक डॉक्टरांनी ५ फेब्रुवारीला मला फोन केला होता. दवाखान्यातल्या त्याच्या कार्डावर पहिल्या लसीपासून माझाच नंबर आहे, तो कोणी बदलला नाही. मी वेदिकाला आणायला शाळेच्या फाटकाशी उभी होते. ते म्हणाले, "मंजुषा मॅडम म्हणतात तुम्ही येताय. कधी येताय? त्याला फार त्रास होतोय. यायला जमत नसेल तर नुसतं फोनवर हो म्हणा, मी आजच जाऊन करतो."

तू खोटं बोललीस हे मला तिथंच कळलं. कशासाठी, तेही साधारण कळलं. मी तुझ्याबरोबर वीस वर्षं एका खोलीत झोपले आहे.

मला एकच शब्द बोलायचा होता. करा. पण तो बोलले असते तर त्याला मी मारलं असं झालं असतं. आणि तू ते मला प्रत्येक पत्रात ऐकवलं असतंस, बाबांचं ऐकवतेस तसं. आणि यायचं म्हणजे त्याला बघावं लागलं असतं. बाबांना शेवटी बघितलं तेव्हापासून मला कुणाला तसं बघायचं नाही. मी म्हटलं, "हो डॉक्टर, येतेय. मी येईपर्यंत थांबा. आणि मी बोलले असं ताईला सांगू नका, आमचं आधीच बरं नाही."

त्यानंतर त्यांचे आणखी दोन फोन आले. मी उचलले नाहीत. तेव्हा तू एकटीनं त्याला अठरा दिवस ठेवलंस असं समजू नकोस. पहिले दोन तेवढे तुझे एकटीचे.

त्याच संध्याकाळी मी तुला पत्र लिहिलं, येऊन जाऊ का म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट मिळत होतं, मी बघितलं होतं. पण फोन नाही केला, पत्र टाकलं. पोचायला चार-पाच दिवस लागतात हे ठाऊक होतं, आणि तू नको म्हणशील हेही. तुझं 'नको' आलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावला.

चित्र उघडलं तेव्हा तू ते कशासाठी काढलंस हे मला पहिल्या नजरेत दिसलं. मायेनं काढलंस असं मुद्दाम लिहिलं. तसं लिहिलं की ते भिंतीवर लावता येणार होतं, आणि मला त्याच्यासमोर जेवता येणार होतं.

काढून ठेवणार नाही. लोक येतात, जवळ जाऊन बघतात, केस मोजता येतील म्हणतात. काल वेदिका त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आई, याला खूप दुखत होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही बाळा. मावशी होती ना त्याच्याजवळ."

शुभांगी